ऑफ-रोड गाडीचे दरवाजे परत बसवताना: आधी रिकामा दरवाजा, मग काच, शेवटी रबर

पूर्ण मोकळी केलेली गाडी जोडत आणताना दरवाज्यांची पाळी येते तोवर रंग झालेला असतो, इंजिन चालू झालेलं असतं आणि चक्कर मारायची घाई झालेली असते. मग दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही, वरच्या कोपऱ्यातून उजेड दिसतो, काच अर्ध्यावर तिरकी होऊन अडते. दोष नव्या रबराला किंवा जुन्या लॉकला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा भाग ठीक असतात, क्रम चुकलेला असतो.

दरवाजा कुठे बसेल हे बिजागरी ठरवते. स्ट्रायकर, म्हणजे मागच्या खांबावरचा (पिलरवरचा) लॉक ज्याला पकडतं तो भाग, त्याला तिथे धरून ठेवतो. रबर उरलेली फट बंद करतं. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं की गडबड सुरू होते, आणि ती पुढच्या प्रत्येक टप्प्यात वाढत जाते.

खालचा क्रम बोल्टने बसणाऱ्या बिजागऱ्या, पत्र्याचा पोकळ दरवाजा आणि हँडल फिरवून खाली-वर होणारी काच धरून दिला आहे. वेगळी रचना असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी गाडी नीट उभी करा

चासी आणि बॉडी वेगळ्या असलेल्या गाडीत दरवाज्याची चौकट कायम एकाच मापाची राहत नाही. बॉडी माउंटची, म्हणजे चासीवर बॉडी बोल्टने टेकते तिथली रबरं, त्याखालच्या शिम (जाडी भरणाऱ्या पातळ चकत्या), छत, पुढच्या काचेची फ्रेम, सगळ्यांचा तिच्यावर परिणाम होतो. म्हणून दरवाजा उचलण्याआधी एवढं झालेलं असू द्या:

- गाडी स्टँडवर नाही, स्वतःच्या चाकांवर, सपाट जमिनीवर. टायरमध्ये हवा बरोबर.
- इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर.
- बॉडी माउंटचे सगळे बोल्ट पूर्ण आवळलेले.
- छत आणि पुढच्या काचेची फ्रेम बोल्टने बसवलेली, तात्पुरती का होईना.

छत नंतर बसवू म्हणून दरवाजे आधी जुळवले, तर छताचे बोल्ट आवळताच पिलर थोडे सरकतात आणि वरची फट बिघडते.

*तपासणी:* दरवाज्याच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि दुसऱ्या बाजूच्या चौकटीशी ताडून बघा. डावी-उजवीत ३ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर बिजागरीशी झटापट करू नका. आधी बॉडी माउंट तपासा. पिलरखालच्या माउंटमध्ये एक शिम घातली किंवा काढली तरी दरवाज्याची वरची फट बदलते.

२. सुटे भाग मांडा, आटे साफ करा

लॉकच्या दांड्या, रेग्युलेटर (काच वर-खाली करणारी यंत्रणा), काचेचे चॅनेल हे डाव्या-उजव्या बाजूचे आरशातल्यासारखे उलट असतात आणि दिसायला सारखे. दोन कापडं अंथरून दोन्ही बाजू वेगळ्या मांडा आणि मोकळे करतानाचे फोटो समोर ठेवा. नवा भाग आला म्हणून जुना लगेच फेकू नका. दोन्ही शेजारी ठेवून भोकं आणि लांबी जुळते का ते बघा.

दांड्यांच्या प्लॅस्टिक क्लिपा, काच ज्यात सरकते तो फेल्ट चॅनेल, खिडकीच्या खालच्या कडेच्या पट्ट्या आणि डोअर पॅडच्या (दरवाज्याच्या आतल्या आवरणाच्या) क्लिपा नव्याच घ्या. जुन्या प्लॅस्टिक क्लिपा एकदा निघाल्या की पुन्हा तशी पकड घेत नाहीत.

आता आटे. पिलरमधल्या आणि दरवाज्यातल्या कॅप्टिव्ह (आत पिंजऱ्यात अडकवलेल्या) नटांत जुना गंज, प्रायमर आणि रंग भरलेला असतो. योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून प्रत्येक नट साफ करा आणि बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जातो का ते बघा. इथे कंटाळा केला तर बोल्ट तिरका घुसतो, नट पिंजऱ्यातून सुटून पिलरच्या पोकळीत फिरू लागतो आणि मग रंगवलेला पिलर कापायची वेळ येते.

जुन्या जपानी गाड्यांबाबत एक सांगायला हवं. त्यांच्या स्क्रूंची फुली नेहमीच्या फिलिप्ससारखी दिसते, पण ती जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाची असते. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की घसरून फुली खाऊन टाकतं. जेआयएस टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या.

*तपासणी:* बिजागरी हातात धरून पिनेच्या आडवी हलवा. खेळ जाणवला तर पिन आणि बुश आत्ताच बदला. झिजलेल्या बिजागरीवर जुळवलेली फट टिकत नाही.

३. रिकामा दरवाजा टांगा, तोही रंगाच्या आधी

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. दरवाज्यात काच नाही, लॉक नाही, चौकटीला रबर नाही, पिलरवर स्ट्रायकर नाही. फक्त पत्रा आणि बिजागऱ्या, शेवटचा रंग न लागलेल्या अवस्थेत. एकदा रंग चढला की धीटपणे काही करता येत नाही: वाकवता येत नाही, घासता येत नाही, बिजागरीचं भोक लांबवता येत नाही.

आधी बिजागरी नीट बघा. तिच्या एका पानाची भोकं लांबट असतात किंवा मागचा नट पिंजऱ्यात सरकतो. कोणत्या बाजूचे बोल्ट ढिले केल्यावर दरवाजा पुढे-मागे आणि वर-खाली जातो, आणि कोणत्या बाजूचे केल्यावर आत-बाहेर, हे गाडीगणिक बदलतं. ते आत्ताच समजून घ्या, म्हणजे नंतर एक चूक सुधारताना दुसरी होणार नाही.

मग या क्रमाने जा.

अ) दरवाज्याखाली लाकडी फळी आणि कापड ठेवलेला जॅक लावा. एकाने दरवाजा धरावा, दुसऱ्याने बोल्ट लावावेत. सगळे बोल्ट आधी फक्त बोटांनी.

आ) प्रत्येक बिजागरीचा एक-एक बोल्ट जेमतेम आवळा. दरवाजा सावकाश लोटा. पुढची कड कुठे टेकत नाही ना, ते पूर्ण लोटण्याआधी बघा.

इ) मागची कड आधी जुळवा, मग खालची, मग वरची. पुढची कड शेवटी, कारण पुढचा मडगार्ड सरकवता येतो आणि मागचा पत्रा येत नाही. मडगार्ड दरवाज्याप्रमाणे जुळवायचा असतो. उलटं करणारे बरेच असतात आणि मग मागची फट वरती २ मिमी, खालती ८ मिमी होऊन बसते.

ई) एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट ढिले करा. दोन्ही एकदम ढिल्या केल्या तर आतापर्यंतची जुळवाजुळव गेली.

मागची कड खाली लोंबत असेल आणि पिना चांगल्या असतील, तर वरची बिजागरी पुढे घ्या किंवा खालची मागे. बिजागरी पिलरच्या दरवाज्याकडच्या तोंडावर बसत असेल तर खालच्या बिजागरीमागे पातळ शिम घातल्यावर मागची कड वर येते. बिजागरी पिलरच्या बाहेरच्या अंगावर असेल तर शिम घालून दरवाजा नुसता बाहेर येईल. तिथे लांबट भोकांतूनच सरकवावं लागतं.

वरचा मागचा कोपरा बाहेर आणि खालचा आत, असं दिसलं तर दरवाजाच पिळलेला आहे. बिजागरीने हे जात नाही. जो कोपरा आत जातोय तिथे दरवाजा आणि पिलर यांच्यामध्ये कापडात गुंडाळलेला लाकडी ठोकळा धरा आणि बाहेर आलेल्या कोपऱ्यावर गुडघ्याने सावकाश दाब द्या. थोडं दाबा, ठोकळा काढा, बघा, पुन्हा दाबा. झटका देऊ नका.

फट किती ठेवायची? जुन्या ऑफ-रोड गाडीला ४ ते ६ मिमी पुरे. चकचकीत मोटारींसारखी ३ मिमीची फट करायचा हट्ट काही जण धरतात. मला तो पटत नाही. खडबडीत जमिनीवर चासी पिळली की बॉडीही थोडी पिळते, आणि अरुंद फटीत दरवाज्याची कड पिलरला घासून रंग उडवते. शिवाय रंगाचे थर दोन्ही कडांवर चढणार आहेत, तेवढी फट आणखी कमी होते. फट लहान असण्यापेक्षा सगळीकडे सारखी असणं महत्त्वाचं. मोजायला ५ मिमी जाडीचा प्लॅस्टिकचा तुकडा कडेने सरकवत न्या; नुसत्या डोळ्याला वक्र कडा फसवतात.

*इशारा:* चेक स्ट्रॅप, म्हणजे दरवाजा ठरावीक अंतरावर थांबवणारी पट्टी, अजून लावलेली नाही. दरवाजा मोकळा सुटला तर मडगार्डवर आदळतो. मडगार्डच्या कडेला जाड कापड चिकटवा आणि उघडा दरवाजा सोडून कुठे जाऊ नका.

*तपासणी:* सगळे बोल्ट आवळून दरवाजा अर्धा उघडा. मागची कड दोन्ही हातांनी वर उचला. काहीच हलायला नको. मग सावकाश लोटा. स्ट्रायकर नसताना तो आपल्या जागी, मागच्या पत्र्याशी समपातळीत यायला हवा. इथे ‘नंतर स्ट्रायकरने वर घेऊ’ असं मनात आलं तर समजा की हा टप्पा अजून संपलेला नाही.

४. जागा कायम करा, मगच रंगाला पाठवा

एवढी जुळवलेली जागा रंगानंतर अंदाजाने शोधायची नसते. बिजागरी आवळलेली असतानाच तिच्या पानातून आरपार पिलरच्या पत्र्यात ३ मिमीचं एक भोक पाडा, आणि दरवाज्याकडच्या पानातही तसंच. रंगानंतर बोल्ट ढिले असताना त्या भोकांत ३ मिमीची ड्रिल बिट्स पिनेसारखी अडकवायची आणि बोल्ट आवळायचे. बिजागरी होती तिथेच येते. पेन्सिलीची खूण प्रायमरखाली जाते, भोक जात नाही. नंतर त्यात थोडं मेण किंवा रंग भरा.

शिम किती आणि कुठल्या बिजागरीमागे होत्या, ते लिहून त्याच बिजागरीच्या पिशवीत ठेवा.

रंगाला देताना बिजागरीची टेकणारी तोंडं आणि पिलरवरची त्यांची जागा यांवर फार जाड थर नको. जाड, अजून मऊ असलेला रंग बोल्टखाली दाबला जातो आणि बोल्ट आपोआप ढिला पडतो.

लँड रोव्हरच्या सीरिज आणि डिफेंडर गाड्यांचे दरवाजे बनवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तिथे पोलादी फ्रेमवर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. दोन धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झिजत जातं. जिथे पत्रा फ्रेमवर दुमडतो तिथे दोन्ही धातूंमध्ये रंग किंवा सीलंटचा सलग थर हवा, आणि बोल्टखाली नायलॉनचा वॉशर.

५. रंगानंतर: दरवाज्याचं पोट

रंगवलेला दरवाजा परत टांगा, बिट्स अडकवून बोल्ट आवळा. ८.८ दर्जाच्या एम-८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. चेक स्ट्रॅप आत्ता लावा.

आत आधी आवाज कमी करणारे पॅड चिकटवा, मग खालच्या दुमडीत पोकळीत मारायचं मेण सोडा. उलट केलं तर मेणावर पॅड चिकटणार नाहीत. मेण सुकू द्या.

*इशारा:* दरवाज्याच्या तळाशी पाणी जाण्याची भोकं असतात. रंग, मेण किंवा पॅड यांनी ती बुजतात. प्रत्येक भोकातून तार घालून बघा. दरवाजे खालून सडतात ते बहुधा याच कारणाने.

६. लॉक, हँडल आणि दांड्या

बाहेरचं हँडल त्याच्या रबरी गॅस्केटसह बसवा, नाहीतर ते रंगात रुतेल. मग लॉक, मग आतलं हँडल, शेवटी दांड्या. हँडल मोकळं असताना दांडीत किंचित ढील हवी. दांडी ताणलेली राहिली तर लॉक अर्धवट उघडं राहतं आणि दरवाजा पकडच घेत नाही. ढील जास्त झाली तर हँडल पूर्ण ओढूनही लॉक सुटत नाही.

*तपासणी, आणि ही टाळू नका:* दरवाजा उघडा ठेवून स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने लॉकचा आकडा बंद दिशेला ढकला. दोन टक ऐकू यायला हवेत: पहिला अर्धवट पकडीचा, दुसरा पूर्ण. आता बाहेरच्या हँडलने सोडा. पुन्हा बंद करून आतल्या हँडलने सोडा. मग किल्लीने, मग आतल्या खुंटीने कुलूप लावून बघा. हे सगळं जमल्याशिवाय दरवाजा लावू नका. लागलेला दरवाजा दोन्ही हँडलांनी उघडेना, तर तो न खरवडता उघडणं फार कठीण.

७. काच

काचेचं बहुतेक दुखणं घाईने आवळलेल्या चॅनेलमधून येतं.

रेग्युलेटर आधी बाकावर साफ करून त्याच्या दातांना आणि सांध्यांना ग्रीस लावा. साधं ग्रीस फेल्ट आणि रबराला लावू नका; रबर फुगतं आणि फेल्टला धूळ चिकटते. रबराला सिलिकॉन वापरा.

*इशारा:* काही रेग्युलेटरना काचेचं वजन तोलणारी गुंडाळलेली स्प्रिंग असते. दात असलेली पट्टी क्लॅम्पने धरल्याशिवाय मोटर किंवा हँडलचा भाग वेगळा करू नका. स्प्रिंग सुटली तर बोट जाऊ शकतं.

दरवाज्याची काच टफन्ड असते. तिच्या मधोमध बसलेला ठोसा ती सहन करेल, पण कडेला धातू टेकला तर क्षणात चुरा. खालच्या धातूच्या चॅनेलमध्ये ती रबरी पट्टीसहच बसवायची. साबणाचं पाणी लावून लाकडी ठोकळ्याने हळूहळू दाबा. हे खालचं चॅनेल काचेवर कुठे होतं ते मोकळं करतानाच्या फोटोवरून किंवा दुसऱ्या बाजूच्या काचेवरून मोजून घ्या. ते थोडं पुढे-मागे झालं तरी काच वर जाताना तिरकी होते.

फेल्ट चॅनेल कापताना मोजमापापेक्षा थोडा लांब ठेवा आणि कोपऱ्यात ताणू नका. कोपऱ्यात आखडलेला चॅनेल काच अडवतो.

क्रम असा: खिडकीच्या खालच्या कडेच्या पट्ट्यांच्या क्लिपा काच आल्यावर हाताला येणार नसतील तर त्या आत्ताच. मग काच तिरकी धरून दरवाज्यात उतरवा आणि तळाशी कापडावर टेकवा. मग रेग्युलेटर. मग काच रेग्युलेटरवर. काही दरवाज्यांत रेग्युलेटर आधी गेला की काच आत जायला जागाच उरत नाही, म्हणून दोन्ही भाग हातात घेऊन एकदा कोरडी रंगीत तालीम करा. पुढे तिकोनी काच असेल तर तिची फ्रेम मोठी काच आत उतरल्यावर, पण तिचे बोल्ट अजून ढिले.

आता आवळणे. चॅनेलचे आणि रेग्युलेटरचे सगळे बोल्ट ढिले असतानाच काच पूर्ण वर न्या. ती चौकटीत आपली जागा घेते. वरचे बोल्ट आवळा. काच पूर्ण खाली आणा, खालचे बोल्ट आवळा. पुन्हा वर-खाली. मध्येच जड लागली तर त्या उंचीवर थांबून जवळचा बोल्ट अर्धा फेरा ढिला करा आणि पुन्हा बघा.

*तपासणी:* काचेचं वजन आल्यावर दरवाज्याची मागची फट पुन्हा मोजा. मागची कड १ मिमीपर्यंत खाली उतरली असेल तर बिजागरीतून परत वर घ्या. जास्त उतरली तर बोल्ट नीट आवळलेले नाहीत.

लँड रोव्हर सीरिजसारखा वरचा काचेचा भाग वेगळा आणि बोल्टने बसणारा असेल, तर आधी फक्त खालचा दरवाजा पूर्ण जुळवा. वरच्या भागाचा कल आत-बाहेर करायचा तो रबर बसल्यावर.

८. स्ट्रायकर

स्ट्रायकर लावा, पण बोल्ट इतकेच आवळा की हाताने ठोकल्यावर तो सरकेल. दरवाजा सावकाश लावा. लॉक स्ट्रायकरला ज्या क्षणी भिडतं तेव्हा दरवाज्याच्या मागच्या कडेकडे बघा. ती वर उचलली गेली तर स्ट्रायकर खाली घ्या, खाली ओढली गेली तर वर. कड जागची हलली नाही की उंची बरोबर.

मग आत-बाहेर. पूर्ण पकडीत दरवाजा मागच्या पत्र्याशी समपातळीत हवा. रबर लावण्याआधी स्ट्रायकर किंचित बाहेर ठेवला तरी चालेल.

लोंबणारा दरवाजा स्ट्रायकरवर चढवून ठेवायची सवय फार जणांना असते. दिसायला फट जुळते. पण प्रत्येक वेळी दरवाज्याचं वजन लॉकवर येतं, लॉक झिजतं, आणि खड्ड्यातून जाताना खडखडाट सुरू होतो. दरवाजा लोंबतो आहे, तर टप्पा ३ वर परत जा.

९. रबर

नवं रबर चौकटीला लावताना जोड खालच्या बाजूला ठेवा, वर कधीच नाही. तिथून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी वर जा. रबर ढकलत बसवा, ओढत नाही. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि कोपरे उचलले जातात. आधी गोंदाशिवाय पूर्ण फेरी बसवून बघा.

नव्या रबराने दरवाजा जड लागणारच. लगेच रबर कापू नका किंवा स्ट्रायकर बाहेर खेचू नका. दरवाजा पहिल्या टकपर्यंत, जमलं तर दुसऱ्यापर्यंत लावून काही दिवस तसाच राहू द्या, रबर दबून जागा घेतं. त्यानंतरही खांदा लावावा लागत असेल, तर रबराची जाडी तुमच्या मॉडेलचीच आहे का ते तपासा.

*तपासणी:* कागदाची पट्टी दरवाज्यात धरून दरवाजा लावा आणि पट्टी ओढा. चौकटीभर दर वीतभर अंतरावर हे करा. जिथे ती सहज निघते तिथे रबर टेकत नाही. वरच्या कोपऱ्यांत बहुधा सापडेल. गोंद लावायचा तो यानंतर.

१०. पाणी, पॉलिथिन, डोअर पॅड

पाण्याची नळी मंद धारेने, खालून सुरुवात करून वर न्या, आत एकाला टॉर्च देऊन बसवा. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही.

काचेच्या कडेने दरवाज्याच्या पोटात पाणी जाणं हा दोष नाही. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडलं पाहिजे, गाडीत नाही. म्हणून डोअर पॅडमागची पॉलिथिनची शीट लावताना तिची खालची कड दरवाज्याच्या पोटात आत घालायची. ती बाहेर चिकटवली तर शीटवरून ओघळलेलं पाणी थेट पॅडवर आणि तिथून पायाखाली येतं. शीट ब्युटिल टेपने चिकटवा, म्हणजे पुढे कधी उघडता येईल.

डोअर पॅड हार्डबोर्डचा असेल तर त्याच्या मागच्या बाजूला वॉर्निश मारून वाळवा. काच फिरवायचं हँडल दोन्ही दरवाज्यांत काच पूर्ण वर असताना सारख्याच दिशेला राहील असं बसवा.

पहिल्या खडबडीत रस्त्यावरून आल्यावर बिजागरीचे आणि स्ट्रायकरचे बोल्ट पाना लावून एकदा तपासा, कारण नवा रंग दबलेला असतो. रबर पूर्ण बसलं की दरवाज्यातून वाऱ्याची शिटी ऐकू येते का ते बघा, आणि येत असेल तर स्ट्रायकर १ मिमी आत घ्या.